न विचारता धावणारा कागद

इंदुबाई वाघचौरे बारा वर्षं शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवत होत्या. मध्यंतरी त्यांना टीबी झाला आणि सहा महिने गोळ्या खाऊन त्या बऱ्याही झाल्या. गावात कुणाला पत्ता नव्हता. पण सरकारी दवाखान्याने त्यांना न विचारता त्यांचं नाव पंचायत समितीला कळवलं आणि इंदुबाईंचं काम गेलं.

त्या तडक समितीचे विस्तार अधिकारी टेंभेकर यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्या आजाराचा कागद तुमच्याकडे आलाच कसा?"

"सरकार एकच असतं, बाई. त्यात तुमची परवानगी कशाला?"

"मग बरी झाल्याचा कागदही मागवून घ्या."

"तो असा मागवता येत नाही. ती रुग्णाची खासगी माहिती असते. तुमचा अर्ज, संमतीपत्र, दवाखान्याचा शिक्का घेऊन या. दोन-तीन महिने जातील."

इंदुबाई टेबलावर वाकल्या आणि तोंडावर पदर न धरता खोकल्या.

"मग लिहा, मला परत टीबी झालाय. तो कागद न विचारता धावतो."

टेंभेकर खुर्चीसकट मागे सरकले आणि त्यांनी लगेच दवाखान्याला फोन लावला. तपासणी झाली. तिसऱ्या दिवशी अहवाल आपल्या पायांनी आला: रोग नाही.

इंदुबाई पुन्हा चुलीपाशी आल्या. पहिल्याच दिवशी टेंभेकर पाहणीला आले, तर पातेलं भरलेलं होतं आणि सगळी पोरं घरून आणलेले डबे खात होती.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचा पहिला कागद घरोघर पोचलाय, साहेब," इंदुबाई म्हणाल्या. "दुसरा कधी पाठवताय?"