पारवीने खूर उचलला

फार वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात लिंगाप्पा कासाराची पारवी नावाची घोडी होती. बांगड्यांच्या करंड्या पाठीवर घेऊन ती गावोगाव हिंडायची. एका पावसाळ्यात महिनाभर चिखल तुडवून तिचा पुढचा खूर चिरला. लिंगाप्पा पाय बघायला वाकला, की ती तो पाय जमिनीत घट्ट रोवून उभी राहायची.

“दाखव की त्यांना,” गोठ्यातली म्हैस म्हणाली.

“लंगडी घोडी कोण ठेवून घेतं? विकून टाकतील मला.”

दुसऱ्याच दिवशी ओढ्याच्या उतारावर तिचा पाय मुडपला. एक करंडी कलंडली आणि बांगड्यांचा चुरा झाला. लिंगाप्पा धावत आला. पारवीने डोळे मिटले आणि खूर उचलून त्याच्यापुढे धरला.

“अगं बाई, एवढं सोसत होतीस?” काचांकडे न बघताच तो खाली बसला. त्याने भेगेतला चिखल काढला, धोतराच्या सोग्याने खूर कोरडा केला. घरी आणून जवसाचं तेल चोळलं, पायांखाली कोरडं गवत पसरलं. मग उरलेली करंडी डोक्यावर घेऊन तो एकटाच बाजाराला निघाला.

“फार दुखलं का गं?” म्हशीने विचारलं.

“दुखण्याचं काही नाही,” पारवी म्हणाली, “पाय उचलणंच फार जड गेलं.”