सगूचा तिसरा फोटो

जिथे एस.टी. शेवटचं वळण घेते आणि पुढे रस्ताच नाही म्हणून मुकाट्याने माघारी फिरते, तिथे पिवळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक इवलंसं घर होतं. त्या घरात सगुणा राहायची. तिला सगळे सगू म्हणत. तिच्या फ्रॉकला तीन ठिगळं होती, लाल, निळं आणि हिरवं, म्हणून तो फ्रॉक तिला फार आवडायचा.

सगूचे बाबा डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायचे. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि बाबांना कुणी विचारेना. त्यांनी कॅमेरा खुंटीला टांगला आणि ते खडी फोडायला जाऊ लागले. त्यातच आई डोंगराच्या पायवाटेवर घसरली आणि तिचा पाय मोडला. पुढे प्लास्टर निघालं, हाडही जुळलं, पण आई काही उठेना.

"पंधरा दिवसांत चालल्या नाहीत, तर पाय आखडेल हो," डॉक्टरीणबाई बजावून गेल्या.

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "त्या डोंगराचं नाव काढू नका माझ्यापुढे. मला कुठे जायचं नाही."

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सगू पठारावर जाऊन हमसून हमसून रडली. पठारभर सोनकीची पिवळी फुलं डुलत होती. तेवढ्यात एका फुलातून उजेडाचा ठिपका उडी मारून बाहेर आला. बोटाएवढी परी! पंख दवासारखे लुकलुकणारे, झगा कोवळ्या उन्हाचा.

"मी कवडसापरी," ती हळूच म्हणाली. "रडून रडून माझं फूल भिजवलंस की गं! काय हवंय तुला?"

"माझ्या आईचा पाय बरा कर ना!"

"पाय बरा आहे गं राणी. रुसलंय ते तिचं मन. डोंगर तिच्याकडे घेऊन जा."

"एवढा मोठा डोंगर?"

"खुंटीवरच्या कॅमेऱ्यात अजून तीन फोटो उरलेत. पण माझे नियम आहेत हं! ज्याचा फोटो काढशील, त्याचे आधी मनापासून आभार मान. फोटो आलाय की नाही, हे बघायला कॅमेरा उघडायचा नाही, भरवसा ठेवायचा. फोटो राखाडी येतील. ज्याच्या हाती द्यायचा त्याच्या तोंडून आभार आले, तरच त्यात रंग उतरतील. आणि हे त्याला सांगायचं नाही!"

सगू धावत घरी गेली आणि कॅमेरा गळ्यात अडकवून परत आली. आधी तळं. "तळ्या, तुझ्यामुळे आमच्या कळशा भरतात. आभारी आहे!" खट्! मग दरी. "दरीबाई, मी हाक मारली की तू दरवेळी ओ देतेस. आभारी आहे! आता हसा हं!" हे शेवटचं बाबांकडून शिकलेलं. खट्!

तिसरा फोटो होता आईच्या पायवाटेसाठी. पण वाटेत बोरीखाली कोंडाबाबा धनगर बसले होते, डोळे पुसत.

"काय झालं बाबा?"

"उंद्या लेक न्यायला येतोय पोरी. लांब, शहरात. सारा जलम हितं गेला. ह्यातलं काय बी संगं नेता यायचं न्हाई, म्हणून बघून घेतोय."

सगूला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. फोटो एकच उरला होता, आणि तो आईचा होता. पण कोंडाबाबा बोरीवरून असा हात फिरवत होते की तिला राहवेना.

"बाबा, तुमच्या बोरीचा फोटो काढू? तो घेऊन जा." आणि ती बोरीला म्हणाली, "बोरीबाई, तुझी बोरं मी न विचारता खाल्ली, तरी तू रागावली नाहीस. आभारी आहे!" खट्!

उतरताना तिच्या मनात पाल चुकचुकली. आत काहीच आलं नसलं तर? अंगठा कॅमेऱ्याच्या खिट्टीवर गेला. एक पळभर उघडून बघू? पण तिने कॅमेरा फ्रॉकच्या घेरात गुंडाळला आणि घरापर्यंत धूम ठोकली.

"कशाला नसते उद्योग!" बाबा कुरकुरले. तरी त्यांनी पडवीच्या खिडकीला घोंगडी लावून काळोख केला. फिल्म धुतली, वाळवली. मग लाल दिवा पेटवला, फिल्ममधून कोऱ्या कागदावर उजेड पाडला आणि तो ताटलीतल्या औषधात बुडवला. बघता बघता त्यावर तळं उमटलं, मग दुसऱ्यावर दरी. तिसऱ्यावर बोर, शेजारी कोंडाबाबा, आणि त्यांच्या मागे... आईची पायवाट! अगदी वरपासून खालपर्यंत!

सगूला हुंदका फुटला. "बाबा, पण हा तर कोंडाबाबांना द्यायचा कबूल केलाय!"

कितीतरी महिन्यांनी बाबा खो खो हसले. "अगं वेडाबाई, एका फिल्मवरून हवे तेवढे फोटो निघतात! दिल्याने संपतात होय?" आणि त्यांनी दुसरा कागद बुडवला.

सगूने तिन्ही फोटो आईच्या हाती दिले. आईने तळं बाजूला सारलं, दरी बाजूला सारली. तिसरा फोटो मात्र तिच्या हातातच राहिला.

"ही पायरी मी बसवलेली... इथे घसरले." तिचं बोट सरकत खाली आलं. "आणि ही करवंदीची जाळी. हिच्यात पदर अडकला म्हणून थांबले गं सगू. नाहीतर थेट दरीत गेले असते."

सगूने ओठ गच्च मिटून घेतले.

"आणि मी मेली हिच्या काट्यांनाच शिव्या देत बसले!" आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "उपकार झाले गं करवंदीबाई तुझे."

तोच करवंदीची जाळी हिरवीगार झाली! वाटेच्या दोन्ही कडांना सोनकी पिवळीधम्मक पेटली, आभाळ निळं निळं झालं. आई बघतच राहिली. "खरंच एवढी फुललीय? बघू तरी!" म्हणत तिने पाय खाली टेकवला. बाबांनी हात पुढे केला. एक पाऊल, दुसरं, आणि आई दारात!

कौलांच्या फटीतून उजेडाचा ठिपका आईच्या पायावर उतरला. थोडा लुकलुकला. मग सगळ्या घरात सोनेरी उजेड झाला आणि त्यातच कवडसापरी विरून गेली.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत आई एस.टी.च्या वळणापर्यंत आली. कोंडाबाबांनी फोटो हाती घेतला आणि ते पुटपुटले, "डोंगरा, लई सांभाळलंस रं." त्यांची बोर हिरवी होत गेली, तेव्हा एस.टी. सुटली होती.

"दमलीस, आई? घरी जाऊ या?" सगूने विचारलं.

"दमले गं," आई म्हणाली. "पण घरी मग जाऊ. आधी त्या करवंदीला भेटून येऊ."