रंगाऱ्याचे पांढरे हात

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कापडव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्या जन्मी त्याचे नाव भद्रिल. वडिलांच्या मागे पेढी त्याच्याकडे आली. तो मोजके बोलत असे आणि समोरच्याचे पूर्ण ऐकून घेत असे. पुढे व्यापाऱ्यांच्या संघाने त्याला आपला प्रमुख निवडले आणि लोक त्याला भद्रिल श्रेष्ठी म्हणू लागले.

त्याच नगरात नदीकडच्या आळीत नागिल नावाचा रंगारी राहत असे. मंजिष्ठेचा तांबडा रंग त्याच्यासारखा दुसऱ्या कुणाला साधत नसे. घरी त्याची बायको तिष्या, दोन लहान मुली आणि रांजणांवर काम करणारे चार गडी होते. श्रीमंती नव्हती, पण कशाची वाणही नव्हती.

एका वर्षी राजकन्येचे लग्न ठरले. राजवाड्याच्या कोठाऱ्याने नागिलला बोलावून वऱ्हाडासाठी पाचशे तांबडे शेले मागितले. नागिलचा आनंद गगनात मावेना. त्याने गाठीला होते ते सगळे सूत आणि कापड घेण्यात घातले. तेवढ्याने भागेना, म्हणून मंजिष्ठा आणि तुरटी त्याने उज्जयिनीकडून येणाऱ्या तांड्याच्या नायकाकडून उधार घेतली. तांडा परत येईल तेव्हा पैसे चुकते करायचे, असे ठरले; तोवर लग्न होऊन जाणार होते. तीन महिने आळीत मंजिष्ठेचा वास भरून राहिला. पाचशे शेले रंगून, वाळून, घड्या होऊन कोठीत रचले गेले, आणि त्याच आठवड्यात राजमाता वारली.

राजाने वर्षाचे सुतक पाळायचे ठरवले. वर्षभर नगरात कुणी रंगीत वस्त्र नेसू नये, मंगलकार्य करू नये, अशी दवंडी फिरली. कोठारी म्हणाला, "लग्न मोडलेलं नाही, पुढं गेलं आहे. वर्षानं ये. तेव्हा किती शेले लागतील ते तेव्हा बघू."

नागिल घरी आला. तिष्येने विचारले, "काय म्हणाले?"

"निरोप यायचा आहे," तो म्हणाला, आणि पाय धुवायला निघून गेला.

त्या एका खोट्यामागून दुसरे खोटे आले. गड्यांना तो सांगे, राजवाड्यातून लवकरच काही कळेल. शेजाऱ्यांना सांगे, सगळे ठीक आहे. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठे. डोळ्याला डोळा लागत नसे. छातीवर कुणी ओला गठ्ठा ठेवल्यासारखे वाटे, आणि तो गठ्ठा दिवसभर उतरत नसे. मनात एकच चक्र फिरे: नायक येईल, पैसे मागेल, लोक जमतील. पुढे काय होईल हे त्याला कधी नीट दिसत नसे. तिथपर्यंत पोचले की चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

एकदा एका गड्याच्या हातून मडके फुटले, तर नागिल त्याच्या अंगावर धावून गेला. वीस वर्षांचा जुना गडी तो. तो खाली बसून खापऱ्या गोळा करू लागला. नागिलला स्वतःचीच लाज वाटली, पण माफी मागण्याइतकेही बळ त्याच्यात उरले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्याने रांजणांकडे जाणेच सोडले. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून तो मागच्या बोळांतून हिंडू लागला.

अशाच एका बोळात फासे खेळणाऱ्यांचा अड्डा होता. एकदा दान पडले तर सगळे सुटेल, असे त्याच्या मनाने घेतले. तिष्येच्या पेटीतल्या माहेरच्या पाटल्या त्याने उचलल्या आणि एका दुपारी त्या तिथे हरला.

मग बातमी आली, की तांडा दोन महिन्यांत परत येतो आहे. ती ऐकल्यावर नागिलने ठरवले, की मिळेल त्या भावाने शेले विकायचे, पैसे तिष्येच्या पेटीत ठेवायचे आणि कुणाला न सांगता उत्तरेकडे निघून जायचे. आपण इथे नसलो की निदान आपली लाज घरच्यांना पाहावी लागणार नाही, असे त्याला वाटले. पांघरायला एक धाबळी आणि एक तांब्या त्याने बांधूनही ठेवला. निश्चय झाल्यावर त्याला किंचित बरे वाटले, आणि हे बरे वाटणे हाच शहाणपणा आहे असा त्याचा समज झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भद्रिल श्रेष्ठीच्या पेढीवर गेला. भद्रिलच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ वासिल बसला होता. नागिल उभ्याउभ्याच म्हणाला, "पाचशे शेले आहेत. पक्क्या मंजिष्ठेचे. मोलाचा दहावा हिस्सा द्या आणि सगळे उचला. पण आज."

वासिल सावरून बसला. वर्षाने लग्न होणार आणि तेव्हा हेच शेले दहापट मोलाने जाणार, हे कळायला त्याला क्षणही लागला नाही. "दादा, मी गडी पाठवतो," तो म्हणाला.

भद्रिलने त्याला हाताने थांबवले. त्याने शेल्यांबद्दल काही विचारले नाही. तो नागिलकडे पाहत होता. गालफडे बसली होती, गळ्याची हाडे वर आली होती. मग त्याची नजर खाली आली.

"नागिल, तुझे हात पांढरे कसे?"

नागिलने हातांकडे पाहिले. लहानपणापासून त्याचे हात कोपरापर्यंत तांबडे असत. सणासुदीलाही तो रंग जात नसे. आता नखांच्या कडांनासुद्धा रंग राहिला नव्हता.

"किती दिवस झाले रांजणात हात घालून?"

"आठवत नाही."

"आणि पोटभर जेवून?"

भद्रिलने आतून पाण्याचा तांब्या आणि पेजेचा वाडगा मागवला. "आधी बस. एवढं पी. मग बोलू."

"मला पेज नको, श्रेष्ठी. सौदा हवा."

"सौदा मी आज करणार नाही. तू माझ्याकडे घाबरून आला आहेस. या दराने मी माल घेतला, तर तुझ्या भीतीचेच पैसे केल्यासारखं होईल. ते मला पचणार नाहीत."

नागिलच्या डोक्यात तिडीक उठली. शेवटचा दरवाजाही बंद झाला, असे त्याला वाटले. वासिल भावाच्या कानाशी वाकून, पण ऐकू जाईल असे म्हणाला, "दादा, आपण घेतले नाहीत तर समोरचा पेढीवाला घेईल. तो एवढेही देणार नाही."

"खरं आहे," भद्रिल म्हणाला. "म्हणूनच याला इथून एकट्याला जाऊ द्यायचं नाही."

हे ऐकले आणि इतके दिवस आवरून धरलेले नागिलचे रडे फुटले. भर पेढीवर, गिऱ्हाइकांदेखत तो मुलासारखा रडला. भद्रिलने त्याला गप्प केले नाही. वाडगा त्याच्या हाताशी सरकवून तो शेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळाने नागिलने पेज प्यायली. मग हळूहळू सगळे सांगितले. सुतक, तांड्याचा नायक, फासे, पाटल्या. बांधून ठेवलेली धाबळीसुद्धा.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"मग पहिलं काम ते. चल, मी बरोबर येतो."

घराच्या अंगणात तिष्या धान्य निवडत होती. श्रेष्ठीला पाहून ती उठली. भद्रिल दूर ओसरीच्या कडेला जाऊन बसला. हे बोलणे त्या दोघांचे होते.

"तिष्ये, राजवाड्यानं शेले घेतले नाहीत," नागिल म्हणाला. "आणि तुझ्या पाटल्या..."

"पाटल्या गेल्या ते मला त्याच दिवशी कळलं. पेटी उचलली की हाताला कळतं." तिष्या म्हणाली. "शेल्यांचं अख्ख्या नगराला ठाऊक आहे. दवंडी मीही ऐकली होती. तुम्ही सांगाल, आज सांगाल, म्हणून मी ताट वाढून बसत होते. मी काय परकी आहे?"

"तुला त्रास नको म्हणून..."

"दोन महिने तुम्ही तोंड फिरवून बसलात, पोरींवर खेकसलात. याच्याहून मोठा त्रास कोणता द्यायचा होता?"

तिष्येने पदराने डोळे पुसले, सूप बाजूला ठेवले आणि श्रेष्ठीकडे वळून म्हणाली, "आता काय काय आहे ते मला एकदा नीट कळू द्या."

तिघे कोठीत गेले. नागिल कित्येक दिवसांत तिथे फिरकला नव्हता. दारे-खिडक्या उघडल्या आणि उजेड आत आला. भद्रिल एकेक विचारीत गेला. नायकाचे किती? केव्हा? उधारीच्या तुरटीतली किती उरली? घरात धान्य किती दिवसांचे? गड्यांचे किती? नागिलच्या मनात जे इतके दिवस आकाशाएवढे होते, ते एका कोठीत मावत होते. थोडे मुळीच नव्हते. वर्ष कठीण जाणार हे उघड होते. पण त्या अडचणीला हद्द होती.

"राजमातेचं मरण, लग्नाची तिथी, कोठाऱ्याचं मन, या तिन्हींवर तुझी सत्ता नाही," भद्रिल म्हणाला. "रोज सकाळी उठून तू याच तीन गोष्टी उचलू पाहतोस आणि त्या उचलत नाहीत म्हणून मोडतोस. त्या खाली ठेव. नायक यायला दोन महिने आहेत. या दोन महिन्यांत हातांना काय करता येईल, एवढंच बघ."

"सुतकात रंगाऱ्याला काय काम मिळणार?"

यावर भद्रिललाही काही सुचले नाही. तिष्या मात्र दाराबाहेर पाहत होती. शेजारची म्हातारी आपले हळदी लुगडे दगडावर घासत होती आणि पिवळेपणा जात नाही म्हणून वैतागली होती.

"सगळ्या नगराला वर्षभर पांढरं नेसायचं आहे," तिष्या म्हणाली. "नवं घ्यायला सगळ्यांकडे पैसे कुठे आहेत? हळद, कुसुंबा हे कच्चे रंग. कशानं चढतात ते तुम्हाला ठाऊक आहे, मग कशानं उतरतात तेही ठाऊक असेल."

"मी रंग काढायला बसू?" नागिल जवळजवळ ओरडलाच. "माझ्या बापानं..."

"तुमचे वडील आज जेवायला येणार नाहीत. पोरी येणार आहेत."

नागिल बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. मग उठून तो त्या जुन्या गड्याकडे गेला, त्याचे हात धरून त्याची क्षमा मागितली आणि म्हणाला, "राख चाळायला घे. रांजणं रिकामी करू."

राखेच्या पाण्यात कपडे उकळायचे, रिठ्याने धुवायचे, नदीकाठच्या गवतावर उन्हात पसरायचे, वाळले की पुन्हा पाणी मारायचे. पहिले आठ दिवस आळीतले रंगारी हसले. नंतर त्यांच्या बायकाही लुगडी घेऊन आल्या. पैसे थोडे मिळत, कधी नुसते धान्य मिळे. घरची एक बैलगाडी विकावी लागली. गडी मात्र कुणी गेला नाही. चौघांनी अर्धी मजुरी आपण होऊन मान्य केली.

तांडा नगराच्या वेशीवर उतरला त्याच दिवशी, नायकाने बोलावण्याची वाट न पाहता नागिल त्याच्याकडे गेला. भद्रिल बरोबर यायला निघाला, तर तो म्हणाला, "नको श्रेष्ठी, हे मला एकट्याला करू द्या." त्याने नायकासमोर उरलेली तुरटी आणि जमलेले पैसे ठेवले. ते सगळे मिळून तिसरा हिस्सा भरत होते. उरलेल्याला त्याने वर्षाची मुदत मागितली. नायक चिडला, बोलला, वर थोडे जास्त घेईन म्हणाला. नागिलने ते कबूल केले. ज्या भेटीच्या धास्तीने त्याने जेवण टाकले होते, ती भेट पान खाऊन होईल एवढ्या वेळात संपली.

त्यानंतरही काही सकाळी तो ओला गठ्ठा छातीवर येऊन बसे. तेव्हा तो लपवीत नसे. "तिष्ये, आज पुन्हा आलं आहे," असे सांगे. ती म्हणे, "बसा, खाऊन घ्या." मग तो नदीवर जाई, आणि ऊन चढेपर्यंत गठ्ठा बराचसा हलका झालेला असे.

वर्ष सरले. लग्न झाले, पण सुतकानंतरचे म्हणून साधेपणाने. कोठाऱ्याने दोनशे शेले घेतले. उरलेले नागिलने बाजारात साध्या भावाने विकले, ते संपायला दोन वर्षे लागली. नायकाचे पैसे फिटले. पाटल्या काही परत आल्या नाहीत. नागिल पूर्वीइतका मोठा रंगारी पुन्हा झाला नाही. पण त्याच्या घरात माणसे एकत्र जेवत होती आणि मुली बापाला पाहून दाराआड होत नव्हत्या.

लग्नाच्या दिवशी तांबडे शेले पाहून वासिल भावाला म्हणाला, "दादा, ते सगळे आपल्या कोठीत असते तर आज केवढा नफा झाला असता! मनाला लागत नाही?"

भद्रिल म्हणाला, "नफा झाला असता. आणि मिरवणूक बघायला नागिल या नगरात नसता. हे दोन्ही एका ताजव्यात तोलून बघ, आणि मग तूच सांग."

पुढे पेढीवर कुणी घाईने, पडेल भावाने माल विकायला आला, की वासिल आधी त्याला बसायला आसन देऊ लागला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहाराच्या आंब्याखाली सांगितली. समोरच्या सभेत तेलाचा एक व्यापारी बसला होता. आगीत त्याची वखार जळाली होती, आणि तेव्हापासून तो कुणाशी बोलत नव्हता. त्याच्या बायकोने त्याला हाताला धरून आणले होते. कथा संपल्यावर शास्ते त्याच्याकडे पाहून म्हणाले, "उपासका, त्या वेळचा नागिल तूच होतास. त्या वेळची तिष्या म्हणजे तुझ्या शेजारी बसलेली ही उपासिका. वासिल म्हणजे या विहाराची कोठी सांभाळणारा आमचा वृद्ध भिक्षू, जो रिकाम्या हाताने आलेल्याला आधी पाणी विचारतो."

तो व्यापारी बायकोकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "घरी गेल्यावर तुला सगळं सांगायचं आहे." ती म्हणाली, "वाटेतच सांगा."

ती दोघे उठून निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत शास्ते थांबले. मग भिक्षूंना म्हणाले, "भद्रिल श्रेष्ठी मी होतो. भ्यालेल्या माणसाच्या भीतीतून स्वतःचा लाभ काढू नये, आणि त्याची भीती कमी होईपर्यंत त्याच्याजवळून उठू नये. भिक्षूंनो, याला मैत्री म्हणतात. त्या जन्मी मी तिचीच साधना केली."