राणीचा पाळणा आणि पणजोबांचा बैल

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईची शपथ. म्हणजे, आई आत्ता घरात नाहीये म्हणून शपथ घेतली. आणि शंभर टक्के म्हणजे राणी खरी, बैल खरा, मधलं थोडं इकडेतिकडे झालं असेल. असो.

तर फार फार जुन्या काळी एक राणी होती. तिचा महाल कड्याच्या टोकावर, आणि वर जायला वाटच नाही. होता तो एक मोठा वेताचा पाळणा. पाळण्याला बांधलेला दोर कड्यावरच्या चाकावरून खाली यायचा आणि खाली बैलाच्या मानेला जोडलेला असायचा. बैल पुढे चालला की राणी वर.

आणि त्या राज्यात एक रीत होती. राणीकडे काम मागायचं असेल तर तिच्याबरोबर पाळण्यात बसायचं आणि पाळणा वर पोचेपर्यंत काय ते बोलून घ्यायचं. पाळणा टेकला की बोलणं बंद. राणी सगळं डोळे मिटून ऐकायची. लोक म्हणायचे, काय ते लक्ष! काय ती बुद्धी!

त्याच राज्यात गेनू राहायचा. त्याचा धंदा दोर तपासण्याचा. दोर विकत नव्हता, वळत नव्हता. नुसता तपासायचा. विहिरीचा, झोक्याचा, गुरांचा. बोटांनी चाचपत जायचा, कुजकं सापडलं की कापून नीट जोडायचा.

लोक विचारायचे, "पण आमच्या हातात काय पडणार?"

"काहीच नाही," गेनू म्हणायचा.

मग दोर तुटायचा नाही, आणि लोक म्हणायचे, "तुटलाच नाही की! मग तू केलंस काय?"

असं करता करता घरातलं पीठ संपलं. गेनूची बायको धुरपा म्हणाली, "आता राणीकडचं काम मिळालं तर ठीक. नाहीतर उद्या चंबूगबाळं उचलायचं आणि माझ्या भावाकडे जायचं. तुम्हाला तो म्हशीची शेपटी धरायला ठेवणार आहे. दूध काढताना मारते म्हणे."

गेनूने मेहुण्याची म्हैस पाहिलेली होती. त्याला घाम फुटला.

धुरपाने त्याला विहिरीवर नेलं. पोहरा आत सोडला आणि म्हणाली, "मी ओढते. पोहरा वर यायच्या आत बोलून झालं पाहिजे. हां, मी राणी. बोला."

गेनूने घसा साफ केला. "राणीसाहेब, आमच्या पणजोबांचं लग्न होतं. वरातीच्या गाडीला एक तांबडा बैल होता..."

"आवं, पोहरा वर आला! पणजोबा अजून मांडवात पण पोचले नाहीत!"

"पण धंदा तिथूनच सुरू झालाय ना!"

"राणीला पणजोबांचं काय करायचंय? तिला तिच्या दोराचं सांगा!"

दिवसभर पाणी उपसलं. विहिरीचा तळ दिसला, पणजोबा काही हलेनात.

दुसऱ्या दिवशी गेनू पाळण्यात राणीसमोर बसला. खाली बैल हाकायला रंभाजी होता. त्याने बैलाला हाळी दिली. पाळण्याला हिसका बसला, पाळणा उचलला गेला. राणीने डोळे मिटले आणि पाळण्याची कड घट्ट धरली.

"बोल. कुठला तू?"

आता असं कुणी विचारलं तर आपल्याकडचा माणूस थांबतो का? गेनूने गाव सांगितलं. राणी म्हणाली, "अगंबाई, तिथे तर माझी मावशी!" झालं. मावशीवरून गाडी आली पणजोबांवर.

"तर राणीसाहेब, वरातीच्या गाडीला तांबडा बैल. गाडीत नवरी. आणि ऐन मांडवाच्या दारात बैलाने कासरा तोडला. जो उधळला तो नवरीसकट शेजारच्या गावात, दुसऱ्याच मांडवात!"

"काय सांगतोस!" राणी म्हणाली. डोळे मिटलेलेच.

गेनू मात्र वर बघत होता. दोरवाला माणूस कधी खाली बघत नाही, तो दोराकडे बघतो. आणि बघता बघता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोर तीन पेडांचा. त्यातला एक पेड तटकन तुटून उभा राहिला. मग दुसरा उलगडायला लागला.

"राणीसाहेब, दोर तुटतोय!"

"वा! आता रंग भरला," राणी म्हणाली. "काल वैद्य काम मागायला आला होता, तो म्हणाला माझं काळीज बंद पडतंय. परवाचा ज्योतिषी म्हणाला महाल कोसळतोय. सगळे घाबरवतात रे. तू आपला बैलाचं सांग."

"अहो, खरंच तु..."

तटकन.

गेनूला धुरपा दिसली. म्हैस दिसली. शेपटीसुद्धा दिसली. मग त्यानेही डोळे मिटले आणि धप् झालं.

राणी डोळे न उघडताच म्हणाली, "मेलो का रे आपण?"

"बहुतेक."

"मग पुढं काय झालं?" तिसराच आवाज आला.

दोघांनी डोळे उघडले. समोर रंभाजी उकिडवा बसला होता. मागे बैल उभ्याउभ्या रवंथ करत होता. गेनूच्या गप्पा कानावर पडल्या तसा रंभाजीने बैल थांबवला होता. पाळणा जो हातभर उचलला गेला होता, तो पडेपर्यंत तिथेच लोंबकळत होता. राणी बघत नव्हती, कारण तिला उंचीची भीती. लोक जिला बुद्धी म्हणायचे ती हीच.

"पुढं काय झालं?" रंभाजी परत म्हणाला. "नवरीचं?"

"लागलं की लग्न. तिथल्याच नवऱ्याशी."

"मग तुझी पणजी?"

"त्या मांडवातली उरलेली नवरी."

रंभाजी तोंड उघडं ठेवून बसला. राणीचं लक्ष तिकडे नव्हतं. तिने आधी तुटलेल्या दोराकडे पाहिलं. मग मान वर करून कड्याकडे पाहिलं, पार टोकापर्यंत. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू," ती गेनूला म्हणाली, "तू काय काम करतोस?"

गेनूच्या डोक्यातून पणजोबा पार पुसले गेले होते. त्याने दोराकडे बोट दाखवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच थोडक्यात बोलला.

"हे होऊ देत नाही."

राणीने तिथल्या तिथे त्याला राज्यातले सगळे दोर सांभाळायला ठेवलं. म्हैस वाचली. मेहुण्याने शेपटीसाठी दुसरा माणूस शोधला.

आणि राणीने फर्मान काढलं: इथून पुढे काम मागायला येणाऱ्याला पाळण्यात बसवायचं, हातभर वरून धपकन आपटायचं, आणि मगच विचारायचं, "बोल, काय करतोस?" तेव्हापासून त्या राज्यात कुणी फापटपसारा लावला नाही. वैद्याने तर येणंच सोडलं.

तात्पर्य: काम मागताना आपण कुठून आलो ते मागाहून सांगावं, समोरच्यावरचं कोणतं संकट टाळतो ते आधी सांगावं.

बरं, आता एक सांगा. गोष्ट चालू असताना तुमच्या डोक्यावर छत पडलं का? नाही ना? ते मी होऊ दिलं नाही. मग काढा त्या खिशातले शेंगदाणे.