पाच रंगांखालची चीर

फार फार वर्षांपूर्वी, राजे घोड्यांवरून उतरून सायकलींवर बसले, त्या काळची ही गोष्ट. असा काळ झालाच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्या सायकलीतली हवा आपोआप जाते, एवढं ध्यानात ठेवा.

एका गावात हैबती नावाचा रंगारी होता. त्याचा रंग इतका चकचकीत, की चिमण्या सायकलीच्या दांडीत तोंड पाहून पिसं नीट करायच्या. त्याच गावात राहीमावशी सुईण होती. ती सायकलीवरून वाड्यावस्त्यांवर जायची, आणि दर सहा वर्षांनी सायकल हैबतीकडून रंगवून घ्यायची.

त्या गावात वय कुणी वर्षांत सांगतच नसे. थोरली हिरव्यातली, धाकटा निळ्यातला, असं सांगायचे. मूल जन्मलं तेव्हा मावशीची सायकल ज्या रंगाची, तो त्याचा रंग.

एके वर्षी दवंडी आली. दसऱ्याला राजा स्वतः सायकली पाहणार आणि उत्तम रंगाऱ्याला राजरंगाऱ्याची पगडी देणार. मावशी तर तीस वर्षं गावोगाव सांगत होती, की हैबतीचा रंग उडत नाही. तेव्हा तिचीच सायकल मांडायचं ठरलं.

आजवर हैबतीने जुन्या रंगावरच नवा चढवला होता. या वेळी पार लोखंडापर्यंत जायचं म्हणून तो खरवडायला बसला. वरचा तांबडा निघाला. त्यात शेजारच्या जुळ्या पोरी होत्या. मग पिवळा, ओढ्याला पूर आला तेव्हाचा. मग निळा. मग हिरवा लागला आणि त्याचा हात थांबला. त्याची लेक हिरव्यातली. आता ती चार गावं पलीकडे नांदत होती. त्याने त्या हिरव्याची एक खपली उचलून मुंडाशात खोचली.

सगळ्यांत खाली काळा, त्याच्या उमेदीतला. काळ्याखाली मात्र एका जागी लोखंड लागेना. हँडलखालच्या सांध्यावर, खड्डे बुजवायची लांबी थापलेली होती आणि तिच्याखाली बोटभर चीर.

हैबतीला सगळं आठवलं. तेव्हा लोहार जत्रेला गेला होता, दसरा दोन दिवसांवर आला होता, आणि चीर होती केसाएवढी. पुढच्या वेळी बघू, असं म्हणून त्याने ती बुजवली. पुढच्या वेळी तो ते विसरून गेला.

आताही कुणाला कळणार नव्हतं. चिमूटभर लांबी भरली, की पगडी डोक्यावर. हैबतीने लांबीचा डबा उघडला आणि पुन्हा झाकला. मग सांगाडा खांद्यावर घेऊन मावशीच्या दारात गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

मावशीने चिरेवरून बोट फिरवलं.

"उतारावर करकर वाजायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझीच हाडं. तीस वर्षं प्रत्येक उताराला खाली उतरून चालले रे मी."

हैबती सांगाडा उचलायला वाकला.

"म्हणून तर जिवंत आहे," मावशी म्हणाली. "जा आता, लोहार गाठ. तो परत जत्रेला जायच्या आत."

लोहाराने चिरेवर पितळेचा टाका मारला. हैबतीने सायकल पुन्हा हिरवी रंगवली, पण तो टाका उघडाच ठेवला.

दसऱ्याला राजाने विचारलं, इथे रंग का नाही?

"तीस वर्षं झाकली होती ही जागा, महाराज. आता तिला जरा उजेड खाऊ दे."

दरबारी फिसकन हसले. पगडी दुसऱ्याच रंगाऱ्याला मिळाली. त्याच्या सायकलींवर म्हणे मोर येऊन नाचत.

पण दसरा उलटला, तसा राजवाड्याचा एक गडी मागच्या गल्लीने हैबतीकडे आला. त्याच्या हातात खुद्द राजाची सायकल होती. निरोप एवढाच, की रंगाचं नंतर बघ. आधी पार लोखंडापर्यंत खरवड, आणि काय सापडेल ते खरं सांग.

तात्पर्य: जो आपली चूक आपल्याच हाताने उघडी करतो, त्याच्या हाती लोक डोळे मिटून जीव सोपवतात.