खिंडीतलं कुंपण आणि माहेरवाट

एका डोंगराला दोन गावं होती. एक वर, एक खाली. वरच्या गावापलीकडे उजाड माळ पसरलेला, आणि त्या माळावर दरोडेखोरांच्या टोळ्या घोडे उधळत फिरायच्या. वरच्या गावात लुटण्यासारखं फार काही नव्हतं. दगडाळ जमीन, चार शेळ्या. टोळ्यांचा डोळा होता खालच्या गावावर, तिथल्या काळ्या रानावर आणि ज्वारीनं भरलेल्या पेवांवर. पण खाली उतरायचं तर वरच्या गावातून आणि मग खिंडीतूनच उतरावं लागे.

हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. म्हणून पूर्वीपासून एक रीत चालत आली होती. पीक कापणीला आलं की वरच्या गावाच्या माथ्यावर दोघांची मिळून राखण बसायची. तीस गडी वरचे, तीस गडी खालचे, हरेकाच्या हातात गोफण. भाकरी वरच्या गावाची, कालवण खालच्या गावाचं. माळावर धूळ दिसली की साठ गोफणी एकदम फिरायच्या, आणि साठ दगडांपुढं घोडं पाऊल टाकत नाही.

एका ताटात जेवणाऱ्यांच्या सोयरिकी जुळायला किती वेळ लागतो? खालच्या गावात असं घर उरलं नव्हतं जिथं वरच्या गावची सून नाही. वरच्या गावात असं घर नव्हतं जिथं खालची लेक नांदत नाही. सणासुदीला लेकी खिंडीचा लांबचा रस्ता धरत नसत. त्यांनी घळीतून एक आडवाट पाडली होती, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई जेमतेम उतरेल एवढी. तिला माहेरवाट म्हणत. पुरुषांना त्या वाटेनं जायला कमीपणा वाटायचा.

मग एकदा काय झालं, सात नद्यांपलीकडच्या एका राजाचा खजिना कुठल्याशा टोळीनं लुटला. राजाला राग आला. त्यानं वरच्या गावात लष्कर पाठवलं. गावाला विचारलं का? नाही. मोठ्या राजांना विचारायची सवय नसते. लष्कराचा सरदार म्हणाला, "आता राखण आमची. त्या गोफणी पोरांना द्या पाखरं हाकायला."

वरच्या गावच्या गड्यांना त्यानं घोडे चोळायला लावलं, पाणी भरायला लावलं, आणि बदल्यात लष्कराचे जुने कोट दिले. खालच्या गावाचे तीस गडी मात्र खुशीत घरी आले. पाटील चावडीवर तंगड्या पसरून म्हणाले, "घर त्यांचं, घोडे राजाचे, आणि झोप आपली." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

असं अठरा वर्षं चाललं. खालच्या गावात गोफणी वासरं बांधायला गेल्या. त्या काळात जन्मलेली पोरं मिसरूड फुटेपर्यंत वाढली, पण गोफण कुठल्या बोटात अडकवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या गावात एक गोफणवाली होती. नवरा राखणीवरच मेलेला. ती दरवर्षी अंबाडी भिजवायची, वाख काढायची आणि गोफणी विणायची. कुणी विकत घेत नसे. विणायची आणि आढ्याला टांगून ठेवायची.

"आक्का, कुणासाठी गं ही माळ लावलीस?" लोक टिंगल करत.

"तुझ्यासाठीच," ती म्हणायची. "वेळ आली की तुला मागायला तोंड राहणार नाही. म्हणून न मागताच विणून ठेवते."

तिची एकुलती लेक वरच्या गावात दिलेली होती. लेकीला दिवस गेले होते, पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरी यायचं. गोफणवालीनं बाळंतिणीची खोली सारवून ठेवली, डिंक आणला, जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली.

आणि एका सकाळी वरच्या गावात लष्कराचा कर्णा वाजलाच नाही.

लोक बाहेर येऊन बघतात तर तंबू नाहीत. पहाटे निघून गेले. ज्यांच्या अंगणात अठरा वर्षं घोडे बांधले त्यांना जातो म्हणूनसुद्धा सांगितलं नाही. बंदुका नेल्या, दारूगोळा नेला, जाता जाता विहिरीवरचा रहाटही सोडवून नेला. झेंडा नेला, झेंड्याची काठी तेवढी ठेवली. आणि लिदीचे ढीग.

राजाचं काय बिघडलं? त्याच्या गावाला सात नद्यांचा खंदक. ज्याला निघून जाता येतं तो निघून जातो. शेजाऱ्याला निघून जाता येत नाही, डोंगर उचलून कुठं नेणार?

त्याच दिवशी वरच्या गावानं खाली माणूस धाडला. कोण, तर पाटलांचा जावईच. चावडीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामंजी, राखण परत बसवू. तीस गडी द्या. टोळ्यांना कळायला पंधरा दिवस लागतील, तोवर माथा धरू."

पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले, "अठरा वर्षं कोट घालून मिरवलात. परक्यांचे घोडे चोळताना आमची आठवण झाली नाही, आता बरी झाली. तुमचं तुम्ही बघा."

"आम्ही बोलावलं होतं का त्यांना?"

"हाकललंही नाहीत."

तेव्हा भिंतीशी उभी असलेली गोफणवाली पुढं आली. "पाटील, लष्कर आलं तेव्हा गूळ कुणी वाटला ते विचारू का? अठरा वर्षं या पोरांच्या अंगणात लीद पडली म्हणून आपल्या अंगणात रांगोळी राहिली. तीस गडी मागतायत, राज्य नाही मागत."

"आक्का, हा बायकांचा विषय नाही."

"तुमची लेक आहे वर. माझी आहे. इथल्या प्रत्येकाची कुणी ना कुणी आहे. मग विषय कुणाचा?"

"दिली ती दिली," पाटील म्हणाले. "आता गाव वाचवायचं. ही मंडळी उद्या पळत सुटतील आणि त्यांच्या मागोमाग टोळ्या येतील. आपण खिंड बंद करू. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, दोन पुरुष उंच."

सगळ्यांनी माना हलवल्या. घरात त्याच गावची सून भाकरी थापत होती, आणि हे माना हलवत होते.

तीस गडी राखणीला मिळत नव्हते. काटे ओढायला सत्तर निघाले. आठ दिवस बाभळी तोडल्या, खिंड भरून काढली, मधे काट्यांचंच कवाड केलं. पाटील कुंपणावर हात ठेवायला गेले तर रक्त आलं. "बघा," ते कौतुकानं म्हणाले, "आपल्यालाच एवढं बोचतं तर त्यांना किती बोचेल."

जावई तीनदा कुंपणाशी आला. पहिल्यांदा तीस गडी मागितले. दुसऱ्यांदा दहा. दोन्ही वेळा आतून तेच उत्तर आलं, तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्यांदा काही मागितलं नाही. बैलगाडी घेऊन आला होता, गाडीत गोफणवालीची लेक होती, नववा महिना भरलेली. माहेरवाटेचा उतार तिला झेपणारा नव्हता, म्हणून गाडीरस्त्यानं आणली.

"हिला तरी आत घ्या," तो म्हणाला. "मी जातो परत."

आतून पहारेकरी म्हणाला, "हुकूम नाही. एकीला सोडलं तर शंभर येतील. तुमचं तुम्ही बघा."

 लेकीनं काट्यांमधून खालच्या गावातला आईच्या घराचा धूर बघितला आणि गाडी वळवायला सांगितली.

गोफणवालीला हे कळलं दुसऱ्या दिवशी पहाटे, पहारेकऱ्याच्या बायकोकडून. त्या बाईला रात्रभर अन्न गेलं नव्हतं. गोफणवालीनं आढ्यावरच्या निम्म्या गोफणी काढल्या, भारा पाठीला बांधला आणि माहेरवाटेनं चढायला लागली.

वर पोचली तर जिथं लष्कराचे घोडे बांधलेले असायचे तिथं दुसरेच घोडे बांधलेले होते.

बायकांच्या पाणवठ्यावर पाटलांचा जावई तिला गाठून म्हणाला, "मावशी, उशीर केलात. काल सांजेला आम्ही तीस जण काठ्या घेऊन माथ्यावर उभे राहिलो. सहा पडले. साठ असतो तर ते आलेच नसते."

"आणि आता?"

"आता त्यांना आम्ही नको, खालची पेवं हवीत. कुंपण बघून आले ते. मला विचारलं, दुसरी वाट आहे का." त्यानं मान खाली घातली. "बायको त्यांच्या ताब्यात आहे. परवा दुपारी उतरणार, घोडे ठेवून, पायी. पुढं मी असेन. लेकीला घेऊन आजच जा."

गोफणवालीनं भारा पाणवठ्याच्या झुडपात लपवला आणि लेकीचं घर गाठलं.

लेक कुंपणावरून परत जाताना गाडीतच बाळंत झाली होती. मुलगी. आईनं नात पोटाशी बांधली, लेकीला खांद्याचा आधार दिला आणि बायका पाण्याला जातात तशी घागर घेऊन निघाली. ती उतरण उतरायला त्या दोघींना सकाळची संध्याकाळ झाली. लेकीच्या पावलागणिक दगडावर रक्त उमटत होतं. मागं वळून बघायचं नाही असं आईनं सांगितलं होतं.

ती तशीच चावडीवर गेली. "परवा दुपारी. माहेरवाटेनं. वीस गडी घळीच्या तोंडाशी लावा."

पाटील हसले. "त्या वाटेनं शेळी उतरायची तर विचार करते."

"माझी ओली बाळंतीण उतरली. तुम्ही शेळीचं सांगता?"

"कोण म्हणालं तुला? जावई? म्हणजे फितूर झाला तर."

"फितूर कोण ते मागाहून ठरवू. आधी वीस गडी द्या. वीस जमत नसतील तर दहा."

पाटलांनी दिले नाहीत. का नाही दिले? त्यांना खरं वाटलं नाही असं नाही. पण घळीशी माणसं लावली की कुंपण फुकट गेलं असं गावासमोर कबूल केल्यासारखं झालं असतं. आपली चूक झाकायला काही माणसं गाव उघडं टाकतात. उलट पाटलांनी त्या ठरल्या दिवशी सगळेच्या सगळे सत्तर गडी कुंपणाला उभे केले, खिंडीकडं तोंड करून.

घळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या अकरा बाया. बहुतेक वरच्या गावात माहेर असलेल्या सुना. गोफणवालीनं दोन दिवसांत त्यांना काय शिकवता येईल ते शिकवलं.

दुपारी टोळी उतरली. वाट एका माणसाच्या रुंदीची, म्हणून अकरा गोफणींनीसुद्धा त्यांना बराच वेळ रोखलं. तेवढ्यात बाकीच्या बायकांनी पोरं, म्हातारी माणसं आणि ती बाळंतीण गावाखालच्या नदीपार केली. तेवढंच झालं. अकराजणी दगड वेचून कुठवर आणणार? ज्या वाटेला वीस गडी पुरे झाले असते तिथं अकरा बाया कमी पडल्या. दोघी परत उठल्या नाहीत. त्यातली एक त्या पहारेकऱ्याची बायको होती.

पेवं उपसली गेली. बियाण्याची ज्वारीसुद्धा राहिली नाही. बैल सोडून नेले.

खिंडीतल्या गड्यांना गावातून धूर दिसला तेव्हा ते खाली धावले. निम्म्या वाटेवर त्यांना टोळी भेटली. लुटीचा माल लादून ती आता मोठ्या रस्त्यानं ऐटीत परत निघाली होती. गड्यांच्या हातात काटे तोडायच्या कुऱ्हाडी होत्या. समोर तलवारी होत्या. सत्तर गडी रस्त्याच्या कडेला सरकले.

टोळीच्या मधोमध, पाठीवर पोतं घेतलेला, पाटलांचा जावई होता. पोत्याच्या तोंडाला पाटलांच्याच घरची गाठ होती.

गड्यांबरोबर असलेल्या पाटलांनी पुढं येऊन त्याचा दंड धरला. "सासऱ्याचं घर दाखवलंस? लाज नाही वाटली?"

जावई थांबला. पोतं जड होतं, त्यानं ते एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मी चारदा आलो होतो, मामंजी. चारही वेळा तुम्ही सांगितलंत, तुमचं तुम्ही बघा."

"मग?"

"मग आम्ही आमचं बघितलं."

आणि तो चालू लागला.

जाता जाता टोळीनं कुंपणाला पलिता लावला. वाळलेली बाभूळ ती. आठ दिवसांचं काम दोन घटकांत राख झालं. जावयाला आणि त्याच्या बायकोला वरच्या गावात सोडून टोळी माळावर निघून गेली, पुढल्या सुगीला यायचं ठरवून.

दुसऱ्या दिवशी गोफणवालीनं चावडीवर उरलेल्या गोफणींचा भारा आणून टाकला. पाटील उचलायला वाकले, तशी ती म्हणाली, "हात लावू नका अजून. आधी वर जा. त्या लोकांना विचारा, आम्हाला तुमच्या माथ्यावर उभं राहू द्याल का. ते हो म्हणाले तर या आणि घ्या. आणि जाताना माहेरवाटेनं जा. कळू दे बायका काय चढतात ते."

पाटील गेले. दोन ठिकाणी घसरले, गुडघे फोडून घेतले. वरच्या गावानं त्यांना वेशीबाहेर बसवून ठेवलं. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांची लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली. बापासमोर ठेवला आणि परत गेली. मग आतून निरोप आला, "या."

राखण परत बसली. तीस वरचे, तीस खालचे. पुढल्या सुगीला टोळी आली, माथ्यावर साठ गोफणी बघितल्या आणि माळावरूनच वळून गेली.

पण त्या वर्षी वरच्यांनी आपली भाकरी आपल्या कालवणाशी खाल्ली आणि खालच्यांनी आपली आपल्या. राखणीच्या एकाच झोपडीत, दोन भिंतींना पाठ लावून. भाकरी आणि कालवण पुन्हा एका ताटात यायला आणखी अकरा वर्षं गेली.

आता तात्पर्य, आणि हे लेकरांआधी मोठ्यांनी वाचावं: परक्याच्या पहाऱ्यावर निजलेल्यानं तो पहारा उठल्याचा दोष शेजाऱ्याला देऊ नये. शेजारी एकटा पडला त्या दिवशीच आपलीही वेस उघडी पडलेली असते. तेव्हा त्याच्या बाजूला जाऊन उभं राहावं. दार लावून घेणाऱ्याला वाटतं आपण वाचलो, पण शेजाऱ्याला आपल्या घरात यायच्या सगळ्या वाटा ठाऊक असतात.