शांबाची शिडाची होडी

खाडीच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात शांबा नावाचा एक भोळा माणूस होता. त्याला कोणी 'जरा बस' म्हटलं, की 'ऊठ' म्हणेपर्यंत तो बसे. एकदा पोस्टात असा बसला होता, तर पोस्टमास्तर कुलूप लावून घरी गेले.

शांबाची थोरली बहीण खाडीपलीकडच्या गावात दिली होती. तिला सगळे अक्का म्हणत. तीन वर्षं झाली, अक्का शिमग्याला माहेरी आली नव्हती. माणसांना पार नेणारी होडी मोडून पडली होती. गावात दुसऱ्या होड्या होत्या, पण मागायला गेलं की जाणती माणसं 'बघू' म्हणत. बघता बघता तीन वर्षं गेली. आणि अक्काच्या सासूचा नियम असा, की माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर पडायची नाही.

शेवटी अक्काने निरोप धाडला, "यंदा पालखी आपल्या अंगणात येईल तेव्हा देवीची ओटी मी भरणार. शांबा, पोहत ये, उडत ये, पण ये."

शांबाला पोहता येत नव्हतं. उडायचं त्याने एकदा करून पाहिलं. गुडघा बरा झाल्यावर त्याने ठरवलं, शिडाची होडी बांधायची. स्वतःच्या हातांनी.

त्याने आयुष्यात साधा पाटसुद्धा केला नव्हता. म्हणून तो तातू सुताराकडे गेला. तातूचे गुडघे गेल्यापासून तो हत्याराला हात लावत नसे. ओसरीवर खुर्ची टाकून नुसता सांगत असे.

"लाकूड आधी चांगलं सुकव," तातू म्हणाला.

शांबाने फळ्या दोन महिने उन्हात सुकवल्या. मग सांगाड्यावर ठेवून, त्यावर गुडघा रोवून वाकवायला गेला. कडाड्! एक मोडली. दुसरी मोडली. तिसरी मोडली तेव्हा तातू ओरडला, "अरे मेल्या, कोरडी फळी वाकते का? आधी पाण्यात भिजवायची!"

"असं होय!" शांबा म्हणाला. "मग आधी नाही सांगितलंत?"

"आधी कशाला सांगायचं? एवढं कळायला पाहिजे माणसाला."

शांबाने ते ध्यानात ठेवलं. उरलेल्या फळ्या भिजवल्या, त्या वाकल्या. मग खिळे काढले. खिळे जुने होते, वाकडे होते. शांबाने ते हंड्यात भिजत घातले. रोज एक खिळा काढून बघायचा, मऊ झाला का. पंधरा दिवसांनी हंड्यातलं पाणी तांबडं झालं आणि खिळ्यांचा चुरा झाला.

"अरे, लोखंड भिजवतात का?" तातूने कपाळाला हात लावला. "लोखंडाला तेल लावायचं! होडीत जे जे जाणार, ते आधी तेलाने माखून घ्यायचं. म्हणजे खाऱ्या पाण्याची भीती नाही."

"असं होय! मग आधी नाही सांगितलंत?"

शांबाने नवे खिळे आणले, तेल लावून ठोकले. होडी होडीसारखी दिसू लागली. मग त्याने वल्ह्यांना तेल लावलं. दोराला तेल लावलं. होडीत आपणही जाणार, म्हणून स्वतःलाही लावलं. डोलकाठी उभी केली आणि तेलकट दोराने बांधली. गाठ मारली की सुटे. मारली की सुटे. शेवटी डोलकाठी सावकाश कलली आणि बाबल तांडेलाने सुकत घातलेल्या बोंबलांवर जाऊन पडली.

बाबल तांडेल चाळीस वर्षं समुद्रावर होता आणि आता बाकीची वर्षं त्याबद्दल बोलत होता. तो धावत आला. त्याने शांबाचा कान धरला. कान सटकला. पुन्हा धरला. पुन्हा सटकला.

"गाढवा, आमच्या वेळी असं नव्हतं!" तांडेल ओरडला. "दोर कोरडा हवा. त्याला सात गाठी मारायच्या. कितीही वारा आला तरी सुटता कामा नये!"

"असं होय! मग आधी नाही सांगितलंत?"

शांबाने डोलकाठी कोरड्या दोराने, सात गाठींनी बांधली. हलेना. त्याला फार बरं वाटलं. मग आईच्या तीन जुन्या लुगड्यांचं शीड शिवलं, डोलकाठीभोवती गुंडाळलं आणि त्यालाही सात गाठी मारल्या. होडी पाण्यात लोटून तो आत बसला. सकाळ गेली. दुपार झाली. धक्क्यावर गाव जमलं.

"शांबा, कुठे निघालास रे?" कोणीतरी विचारलं.

"पलीकडे. पोचलो का?"

"शीड सोड, शीड!" तांडेल धक्क्यावरून नाचत होता. "वारा आला की सगळं मोकळं सोडायचं. धरून ठेवायचं नाही!"

"असं होय!"

शांबाने शीड मोकळं सोडलं. वारा आला. त्याने सुकाणू सोडलं. वल्ही सोडली. होडीची कड धरली होती, तीही सोडली. होडीने स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि आडवी झाली. शांबा कमरेएवढ्या चिखलातून बाहेर आला, तेव्हा हातात मोकळं सोडायला काहीच नव्हतं.

"सुकाणू कोणी सोडतं का?" तांडेल म्हणाला. "आणि होडी हलकी आहे तुझी. तळाशी वजन ठेव. वजन असलं की सरळ राहते."

दुसऱ्या दिवशी शांबाने होडीत दगड भरले. जातं ठेवलं. पाटा ठेवला, वरवंटा ठेवला. तरी थोडी जागा उरली. तातू सुतार ओसरीवर खुर्चीत डुलक्या घेत होता. शांबाने त्याला खुर्चीसकट उचलून आणून मधोमध ठेवला. होडी जराही हेलकावली नाही. सरळच्या सरळ खाली जाऊन तळाला टेकली. तातूच्या छातीपर्यंत पाणी आलं, तेव्हा तो जागा झाला आणि म्हणाला, "फळी आणखी रुंद हवी होती."

तातूला आणि जात्याला बाहेर काढता काढता तांडेलाचा आवाज बसला. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नीट ऐक. तू आणि हे चार दगड, एवढंच वजन ही होडी पेलते. यावर काहीही चढलं, तर तेवढंच उतरवायचं. कळलं?"

"कळलं," शांबा म्हणाला. आणि या वेळी त्याला खरंच कळलं होतं.

पालखीचा दिवस उजाडला. संध्याकाळी ती अंगणात येणार होती. शांबा आणि चार दगड होडीत बसले. शीड सुटलं, सुकाणू हातात राहिलं, होडी सरळ चालली. दुपारी ती पलीकडच्या धक्क्याला लागली.

अक्का ट्रंक घेऊन उभीच होती. शेजारी सासूबाई.

"आलास का रे बाबा!" अक्का म्हणाली. "मला वाटलं, माझे केस पिकल्यावर येतोस."

तिने ट्रंक होडीत ठेवली. शांबाने ती हाताने तोलून पाहिली आणि दोन दगड काढून धक्क्यावर ठेवले. सासूबाईंनी नारळांचं पोतं दिलं. शांबाने उरलेले दोन दगड काढले. मग अक्का चढली आणि फळीवर बसली.

शांबाने होडीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दगड संपले होते.

"अक्का, तुझं वजन किती गं?"

"ओहोटी लागेल आता, वजनं काय विचारतोस? चल लवकर!"

"साधारण माझ्याएवढंच असेल," शांबा म्हणाला. तो खाली उतरला आणि त्याने होडीला जोरात धक्का दिला.

"अरे! शांबा! चढ!"

"चढतो. मग तू उतरशील?"

अक्काने एकदा भावाकडे पाहिलं. एकदा सासूकडे पाहिलं. मग तिने सुकाणू धरलं. लुगड्यांचं शीड टरारून फुगलं आणि होडी निघाली. अक्काने मागे वळून पाहिलं नाही. ऊन उतरता उतरता होडी माहेरच्या धक्क्याला लागली, अक्का ट्रंक डोक्यावर घेऊन घराकडे पळताना दिसली, आणि थोड्या वेळाने ढोलांचा आवाज पाण्यावरून इकडे ऐकू आला.

शांबा चार दगडांशेजारी समाधानाने बसला होता. सासूबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"काय रे, माझ्या सुनेला न्यायला माहेरचं माणूस आलं होतं ना?"

"आलं होतं की. मीच."

"मग ती एकटी कशी गेली?"

"मी आलो म्हणून तर गेली," शांबा म्हणाला. "मी आलोच नसतो, तर तिच्या बदली उतरवायला तेवढं वजन कुठून आणलं असतं?"